पांढऱ्या बशीतली मोजणी

कारखान्यात त्याला सगळे भिंग म्हणत. हजेरीपटावर त्याचं धड नाव होतं, पण हाक मारायला ते कधी कुणाला सुचलं नाही. गळ्यात काळ्या दोऱ्याने अडकवलेलं पितळी घडीचं भिंग असे, उघडलं की आगपेटीएवढं. त्याच्या तळाशी बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी. ती कापडावर टेकवायची, वर डोळा लावायचा आणि खिडकीत उभे धागे किती, आडवे किती, ते मोजायचं. ऐंशी उभे ठरलेले असताना अठ्ठ्याहत्तर भरले तर कापड मागे. एवढंच काम, आणि ते तो एकतीस वर्षं करत आला होता.

बाकीचा वेळ तपासणीच्या टेबलाशी जाई. टेबल म्हणजे तिरकी दुधी काच, तिच्या पोटात पांढरा उजेड. वरच्या रुळावरून कापड सुटायचं, काचेवरून घसरत खालच्या रुळावर गुंडाळलं जायचं. पायाशी एक पट्टी. ती दाबून धरली की कापड चालतं, सोडली की थांबतं. तुटलेला धागा, गाठ, तेलाचा ठिपका, विरळ पट्टा, काहीही दिसलं की थांबायचं आणि त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा. या कामाला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं असं लोक म्हणत. भिंग म्हणे, तेल कापडावरही नको आणि डोळ्यातही नको, नुसतं बघता आलं पाहिजे. त्याला बघता येत होतं. कुणाच्या लग्नाला गेला तर नवरदेवाचं तोंड नंतर, कोटाचं कापड आधी. "शिलाई झकास आहे, पण धागा हलका," असं तो जेवता जेवता बोलून जाई आणि बायको खालून त्याच्या पायावर पाय देई.

हे काम त्याला शिकवलं थोरल्या मास्तरांनी. मास्तरांची नजर शेवटच्या वर्षांत गेली होती. ते कबूल करत नव्हते, आणि ते कबूल करत नाहीत यातच सगळ्यांना मजा होती. विभागातली तरणी मंडळी तपासून झालेलं कापड पुन्हा त्यांच्या टेबलावर चढवत. मास्तर तासभर गंभीर चेहऱ्याने बघत, दोन-तीन ठिकाणी उगाच लाल दोरा बांधत. एकदा कुणीतरी बांगडीएवढं भोक पाडलेलं कापड लावलं. ते भोक काचेवरून सावकाश खाली आलं. त्यातून सुटलेला उजेडाचा गोळा मास्तरांच्या शर्टावर पडला, छातीवरून पोटावर उतरला आणि गेला. मास्तरांनी पट्टी सोडली नाही. दाराआडची मंडळी हसून हसून वाकली. भिंगही त्यांच्यात होता. आपण तेव्हा हसलो नाही असं त्याला पुढे म्हणता आलं असतं, पण ते कापड रुळावर चढवताना त्याचं दुसरं टोक धरलं होतं ते त्यानेच.

म्हणून त्याने स्वतःशी एक ठरवून ठेवलं होतं. आपली नजर गेली तर ते सगळ्यांच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. आणि कळेल त्याच दिवशी गळ्यातलं भिंग काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं, कुणी कुजबुजायच्या आत. आयुष्यात त्याने फारसं काही मागितलं नव्हतं. मुलगी लग्न होऊन दूर गेली, घर दोन खोल्यांचंच राहिलं, बढती दुसऱ्याच्या पदरात पडली. त्याची त्याने कधी रड केली नाही. एवढी एक गोष्ट मात्र त्याला हवी होती.

छप्पन्नाव्या वर्षी एका सकाळी उजव्या डोळ्यासमोर, अगदी मधोमध, एक मळका ठिपका आला. डोळा धुतला, चोळला, ठिपका हलला नाही. डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी थेंब घालून, उजेड मारून बराच वेळ आत पाहिलं.

"मधली नजर झिजत चालली आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांची. कडेची राहील."

"चष्मा बदलून?"

"चष्म्याचं इथे काम नाही. आहे ते किती दिवस टिकतं, तेवढं बघत राहायचं."

त्यांनी एक कागद दिला. त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी आणि मध्ये टिंब. रोज एक डोळा झाकून टिंबाकडे पाहायचं. रेघा वाकड्या दिसल्या, किंवा मधला भाग पुसल्यासारखा वाटला, की नजर आणखी उतरली असं समजायचं.

भिंगने तो कागद आठ दिवस पाहिला आणि नवव्या दिवशी कपाटात कपड्यांखाली सरकवला. कागदात खोट नव्हती, दुसऱ्या कुणाला तो उपयोगी पडला असता. पण उभ्या-आडव्या रेघांत याचा जन्म गेला होता. त्या कशा असायला हव्यात हे त्याला इतकं पाठ होतं की डोळ्याने सोडलेली रेघ मन परस्पर ओढून घ्यायचं. ठिपक्याच्या जागीही जाळी सरळ, घट्ट, अखंड दिसायची. घरचाच साक्षीदार, तो दुसरं काय सांगणार?

त्याला मोजायला असं काहीतरी हवं होतं जे आधीपासून माहीत नाही. रोज ज्याचा आकडा निराळा असेल, आणि जे एका जागी थांबणार नाही.

बायकोला त्याने सांगितलं, "नंबर वाढलाय थोडा. थेंब घालायचे आहेत."

"मग घाला," ती म्हणाली. ती खिडकीशी बसून शर्टांना काज-बटण करत होती. तयार कपड्यांच्या दुकानाचं काम ती घरी आणायची, आणि दाताने दोरा तोडता तोडता बोलायची. तिने वर पाहिलं नाही, आणि भिंगला तेच बरं वाटलं.

तिच्या धाकट्या भावाचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. एका सुट्टीच्या दिवशी भिंग तिथे सहज टेकला होता. मागच्या फळीवर एक प्लास्टिकची बाटली उलटी टांगलेली, बूड कापलेलं, आत गढूळ केशरी पाणी आणि तळातून बुडबुडे.

"हे काय रे?"

"माशांच्या पिल्लांचं खाणं, भाऊजी." मेहुण्याने एक डबी उघडली. आत तपकिरी पूड, चहाच्या चाळणीतून पडलेल्या भुकटीसारखी. "ही सगळी अंडी. खाऱ्या पाण्यातल्या किड्यांची. वर्षानुवर्षं कोरडी पडून राहतात, मरत नाहीत. मिठाच्या पाण्यात टाकली, खालून हवा सोडली, वर दिवा लावला, की दीड दिवसात फुटतात."

त्याने बुडबुडे बंद केले आणि बाटलीच्या एका अंगाला विजेरी धरली. थोड्या वेळाने पाण्यातली केशरी धूळ उजेडाकडे सरकू लागली. भिंगने तोंड जवळ नेलं. धूळ नव्हती ती. प्रत्येक कण आपापला, झटके देत, धापा टाकत चालला होता.

"मोजता येतात?"

"मोजायचे कशाला? माशांना काय पावती द्यायची आहे?"

"मला दे थोडी अंडी."

"मासे आणताय घरी?"

"नाही. हेच पाळतो."

मेहुणा हसला. "भाऊजी, गाय सोडून गवत पाळल्यासारखं झालं हे!"

तरी त्याने डबी दिली, एक ओरखडे पडलेली जुनी काचेची टाकी दिली, हवेचा पंप दिला. बायकोने हात कमरेवर ठेवून सगळं पाहिलं. "घरात दोन माणसं होती ती काय कमी होती?" असं म्हणाली आणि खिडकीजवळच्या टेबलावरचं आपलं सामान उचलून जागा करून दिली.

दोन दिवसांनी सकाळी पहिली पिल्लं निघाली. भिंगने चमचाभर पाणी पांढऱ्या बशीत घेतलं आणि बशी खिडकीशी धरली. पांढऱ्यावर केशरी टिंबं, सुईच्या टोकाहून लहान, इकडून तिकडे. त्याने भिंगाला हात लावला नाही. उघड्या डोळ्यांनी मोजली. तेवीस. मग बशी बायकोपुढे धरली.

"तू पण मोज."

"मी? मला काय कामं नाहीत?"

"बघू तरी कुणाचं बरोबर येतं."

ती चष्मा सारखा करून वाकली, ओठ हलवत राहिली. "चोवीस. पण एखादा मेला दोनदा मोजला गेला असेल. स्वस्थ बसतात कुठे."

असा तो परिपाठ सुरू झाला. तिला त्याने खेळ म्हणून सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर ती घाबरली असती, भावाला बोलावलं असतं, आणि रोज चहाच्या वेळी दोघांच्या मध्ये तेच येऊन बसलं असतं. शिवाय असं काही बोलायची त्याला सवयच नव्हती. एक नियम मात्र त्याने आखला: आकडा आधी त्याने सांगायचा, मग तिने. तिचा आधी कानावर पडला तर आपलं मन तोच आणून डोळ्यांपुढे ठेवील, रेघांसारखा. ही पळवाट त्याला नको होती. आणि हद्दही ठरवली. दोघांच्या आकड्यांत सलग तीन दिवस दोनाहून जास्त फरक पडला, तर संपलं. त्याच दिवशी भिंग साहेबांच्या टेबलावर.

पहिले आठ-दहा दिवस सुरळीत गेले. त्याचे एकतीस, तिचे एकतीस. त्याचे अठरा, तिचे सतरा. मग एका सकाळी त्याने चौदा सांगितले आणि ती म्हणाली, "अहो, वीस आहेत. ही बघा, काठाला किती चिकटून बसलीत." त्याने बशी खाली ठेवली. त्या दिवशी तो डबा न घेता कामावर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे अकरा आणि तिचे सोळा. संध्याकाळी तो टाकीसमोर खुर्ची घेऊन बसला तो जेवायला हाका मारल्या तरी उठेना.

"एवढं काय झालं? खेळ आहे ना?"

"खेळच आहे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने बशी खिडकीशी नेली. मळका ठिपका मध्ये येत होता, म्हणून तो डोळा इकडेतिकडे फिरवत राहिला. "सतरा," तो म्हणाला आणि थांबला.

बायकोने पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. "सतराच," ती म्हणाली.

त्या सकाळी भिंगने दोनदा चहा मागितला.

त्यानंतर आकडे जुळत राहिले. अगदी रोज नव्हे, मधूनच ती म्हणायची, "तुमचे बावीस, माझे एकवीस. एक निसटला वाटतं." मग तो हसून म्हणे, "तुला नाही जमायचं. तू आपली बटणं लाव." हा एखाददुसऱ्याचा फरकच त्याला खात्रीचा वाटे. कापडातही तसंच असतं, कुठल्याही दोन इंचांत धागे कधी हुबेहूब सारखे भरत नाहीत.

या सगळ्यात टाकीतले किडे वाढत होते. तीन आठवड्यांत बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढे झाले, काचेसारखे आरपार, पिसांसारख्या पायांची रांग आणि टपोरे काळे डोळे. पाठीवर पोहायचे, पाय वर करून. बायकोने त्यांचं नाव उताणे ठेवलं. हळूहळू तिचा त्यांच्यावर जीव जडला. चिमूटभर यीस्ट पाण्यात कालवून ती थेंबाथेंबाने घालायची. "जास्त घातलं की पाणी नासतं," असं आपल्या भावाला, म्हणजे दुकानवाल्यालाच, शिकवायची. पाणी आटलं तर गोडं पाणीच ओतायचं, मीठ तिथल्या तिथे राहतं, हेही तिनेच ध्यानात ठेवलं. भिंगला मोठ्या उताण्यांचं काही नव्हतं. ते कुणालाही दिसले असते. त्याला हवी होती ती नुकती फुटलेली पिल्लं, म्हणून दर चार दिवसांनी तो बाटलीत नवी अंडी टाकायचा आणि मोजून झाली की बशी टाकीत उपडी करायचा. पुढे माद्यांच्या पोटाखाली तपकिरी पिशव्या दिसू लागल्या, काचेच्या काठाला भुकटीची रेघ धरली. डबीतली अंडी संपल्यावर त्याने ती भुकटी टिपून घेतली आणि वाळत घातली. आता तर बाहेरच्या अंड्यांचीही गरज नव्हती.

ठिपका जात नव्हता. उलट त्याचा डाग झाला होता, आणि डाव्या डोळ्यातही दुसरा आला होता. समोरच्या माणसाचं नाक जाई, कान राहत. पण भिंग स्वतःला बजावे: आकडे जुळतात ना? मग डाग हा भीतीचा. एकदा मनात शिरलं की दोरीचाही साप होतो. आपण हातात माप घेतलं आहे आणि माप ठीक सांगतं आहे. पुढे तर त्याने मुद्दाम बारीक विणीचं कापड आपल्या टेबलावर मागून घेतलं. शेजारच्या टेबलावर एक बाई होती, किडकिडीत आणि जिभेने तिखट. तिला सगळे टाचणी म्हणत. ती म्हणाली, "काका, तुम्ही जाडं घ्या की. बारीक मी करते."

"का? माझ्या डोळ्यांत काय फूल पडलंय?"

ती एरवी जशास तसं उत्तर देणारी. त्या दिवशी ती नुसती आपल्या टेबलाकडे वळली.

असे आठ महिने गेले.

त्या रविवारी मेहुणा पंपाची रबरी नळी बदलायला आला होता. सकाळची मोजणी नुकतीच झाली होती. घरच्या अंड्यांची ती दुसरी खेप. भिंगने एकोणीस सांगितले होते, बायकोनेही एकोणीस. बशी खिडकीच्या कठड्यावर तशीच होती. मेहुण्याने नळी बसवता बसवता ती उचलली, उजेडाकडे केली, तिरपी केली.

"हे काय मोजलंत तुम्ही दोघांनी?"

"पिल्लं," भिंग म्हणाला.

"कसली पिल्लं? टरफलं आहेत ही. नुसती तरंगतायत. यात जिवंत एकही नाही, भाऊजी. अंडी वाया गेली तुमची, नीट वाळली नसतील. दोघांचा एकोणीस आकडा आला म्हणता? कमाल आहे!" आणि तो हसायला लागला.

भिंग त्याच्याकडे पाहत होता. मेहुण्याच्या चेहऱ्याच्या जागी नेहमीचा डाग होता. पण कडेची नजर शाबूत होती, आणि त्या कडेला त्याला आपल्या बायकोचा हात दिसला. स्पष्ट, बांगडीसकट. तो हात भावाचं मनगट दाबत होता.

मेहुण्याचं हसणं मध्येच तुटलं. "म्हणजे, असतील एखाददोन," तो म्हणाला. मग दुकान उघडायचं आहे म्हणाला आणि नळी अर्धवट सोडून गेला.

खोलीत पंपाची घरघर राहिली.

"कधीपासून?" भिंगने विचारलं.

"काय कधीपासून?"

"माझाच आकडा मला परत कधीपासून देतेस?"

तिने बशी उचलली आणि मोरीत ओतली. "त्या सतरापासून," ती पाठमोरीच म्हणाली. "त्या दिवशी तिशीच्या वर होते. तुमचा चेहरा बघवत नव्हता. दोन दिवस पोटात धड अन्न नाही. मी म्हटलं, खेळच आहे, होऊ दे यांच्या मनासारखं. करमणुकीत कुणी नवऱ्याला हरवतं का?"

"आणि ते एक कमी, एक जास्त?"

"रोज बरोबर आलं असतं तर तुम्हाला संशय आला असता. तपासनीस ना तुम्ही."

भिंग खुर्चीवर बसला. मग त्याने तिला सांगितलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते, कपड्यांखालच्या कागदाचं, तीन दिवसांच्या हद्दीचं, भिंग कुठे ठेवायचं होतं त्याचं. सांगायला फार वेळ लागला नाही. आठ महिने पोटात ठेवलेली गोष्ट, बाहेर आली तर चार वाक्यांची निघाली.

बायको ऐकत उभी राहिली आणि मग भडकली. "आठ महिने! आठ महिने मूग गिळून बसलात! मला काय स्वप्न पडणार होतं, त्या बशीत तुमची नोकरी पोहतेय म्हणून? एका शब्दाने बोलला असता तर मी खरं सांगितलं असतं. रोज सांगितलं असतं. तुम्ही रडला असता तरी सांगितलं असतं." तिने रिकामी बशी पालथी ठेवली. "माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलंत."

ती म्हणत होती ते खरं होतं. तो एवढंच म्हणाला, "उद्या देऊन टाकतो भिंग."

"द्या," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने टाकीत यीस्टचे थेंब घातले, कारण मोठे उताणे भुकेले होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या आधी तो साहेबांच्या खोलीत गेला. साहेब त्याच्या मुलीच्या वयाचा, चार वर्षांपूर्वी आलेला, सगळ्यांशी अदबीने बोलणारा. भिंगने गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला. त्यासाठी मान वाकवावी लागली. पितळी भिंग त्याने टेबलावर ठेवलं आणि मनात शंभरदा घोळवलेलं वाक्य म्हटलं, "साहेब, नजर उतरली माझी. कुणाच्या लक्षात यायच्या आत मीच सांगायला आलो."

साहेबाने आधी त्या भिंगाकडे पाहिलं. मग त्याने उठून दार लावलं, आणि दार लावलं त्याच क्षणी भिंगला समजलं.

"बसा, काका," साहेब म्हणाला. "मी काही बोललो नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. ते चादरीचं कापड परत आलं ना, तेव्हाच कळलं होतं."

"कुठलं चादरीचं?"

"तुमच्यापर्यंत येऊ दिलं नाही आम्ही. सबंध लांबीत दोन उभे धागे नव्हते. पाच महिने झाले त्याला. तेव्हापासून तुमचं सगळं कापड टाचणीबाई दुपारून पुन्हा तपासतात. स्वतःहून म्हणाल्या, मी करते, पण काकांना बोलू नका."

"सगळ्या विभागाला ठाऊक आहे?"

"विभाग केवढा, काका. सात माणसं."

"हसतात?"

"छे! हसेल कोण तुम्हाला? उलट सगळे सांभाळून घेतात."

भिंगला थोरले मास्तर आठवले. त्यांनी कधी कुणाला असं विचारलं असतं, तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं असतं. त्याने स्वतःच दिलं असतं, अदबीने, तोंड धुतल्यासारखं साफ ठेवून.

"मग मला मोकळं करा," तो म्हणाला.

"तिथेच तर अडतं." साहेबाने भिंग उचललं, दोरा नीट गुंडाळला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. "कापडाच्या ठाणावरच्या चिठ्ठीवर सही तुमची जाते. मोठी तीन गिऱ्हाइकं तुमची सही बघून ठाण उघडतसुद्धा नाहीत. माणूस बदलला म्हटलं की ते सगळा माल स्वतः तपासायला माणसं पाठवतील, नसता घोळ. दोन वर्षं तर राहिलीत तुमची. बसा निवांत. तपासायचं ते तपासलं जातंय."

"मी नुसती सही करू?"

"टेबलावर बसा. कापड चालू ठेवा. बाहेरून कुणी आलं तर बरं दिसतं."

भिंगला खूप बोलायचं होतं. पण ज्या वाक्यावर त्याने इतकी वर्षं भरवसा ठेवला होता ते बोलून झालं होतं. दुसरं वाक्य त्याने तयार केलं नव्हतं. त्याने भिंग उचलून गळ्यात घातलं. साहेबाने उठून दार उघडून दिलं.

टेबलाखालचा उजेड आधीच लागला होता. टाचणीने त्याचं कापड रुळावर चढवून ठेवलं होतं.

"उशीर केलात, काका."

"साहेबांकडे होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं असावं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला दिसलं नाही. "बोलले वाटतं," ती हळूच म्हणाली.

"बोलले."

"मी काही वाईट मनाने नाही केलं."

"ठाऊक आहे. वाईट मनाने कुणीच केलं नाही." आणि जरा थांबून, "केलं असतं तर बरं झालं असतं."

त्याने पट्टीवर पाय ठेवला. कापड निघालं. मधोमध डाग, आणि डागाभोवती पांढरंशुभ्र कापड घसरत होतं. थोड्या वेळाने टाचणीने आपलं टेबल सोडलं आणि त्याच्या बाजूला येऊन उभी राहिली. आता चोरून करायचं कारण उरलं नव्हतं.

"थांबवा," ती म्हणाली.

त्याने पाय उचलला. तिने काठाला लाल दोरा बांधला. "हं."

त्याने पाय ठेवला.

"थांबवा."

असं जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाललं. ठाण संपलं तेव्हा तिने चिठ्ठी आणून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सहीच्या जागेवर आपलं बोट टेकवलं. त्याने बोटाच्या कडेला पेन लावलं. सही नेहमीसारखी आली, सरळ आणि ठसठशीत. तिने चिठ्ठी उचलून फुंकर मारली आणि दुसरं ठाण चढवायला घेतलं.